गोव्याची भांडकुदळ सकाळ

लग्नपत्रिकेलासुद्धा सरकारी मंजुरी लागायची, असे मी सांगितले की माझी नातवंडे हसतात. आजोबा पदरचे घालतात असा त्यांचा समज. पण १९६१ पूर्वीच्या गोव्यात छापखान्यात जे जाईल ते आधी सेन्सॉरच्या डोळ्यांखालून जायचे. जत्रेचे पत्रक, नाटकाची जाहिरात, वर्तमानपत्राचा अग्रलेख आणि लग्नाची पत्रिका, सगळी एकाच रांगेत उभी. माझे थोरले काका सांगत, मुहूर्त धरला, आचारी सांगून ठेवला, सोयऱ्यांना तोंडी निरोपही गेले, पण पत्रिकेचा मसुदा कचेरीतून यायचा बाकी. त्यांना त्यात फारसे वावगे वाटत नसे, हे मला जास्त लागते. पावसाळ्यात शिमग्याची सोंगे निघत नाहीत, तसे पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, वेळी मनातले छापून येत नाही, संपले.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी मुद्रितशोधक होतो. उभे आयुष्य गॅलीप्रूफ वाचण्यात गेले. त्यामुळे वर्तमानपत्राच्या स्वातंत्र्याकडे मी जरा खालून बघतो. संपादकाच्या खुर्चीवरून ते निराळे दिसत असावे. मला दिसले ते जुळाऱ्याच्या केसजवळून, शाईच्या वासात, रात्री अकराच्या सुमारास. आमच्या खात्यातले वयस्क जुळारी पोर्तुगीज अमदानीत पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही खिळे जुळवून आलेले होते. त्यांच्यापैकी एक मास्तर तर असे होते, की त्यांना पोर्तुगीज बोलता येत नव्हते, पण जुळवता बिनचूक यायचे. मजकूर काय आहे ते त्यांना ठाऊक नसे. त्या काळाला असा जुळारी फार सोयीचा होता.

गोव्याच्या छपाईची सुरुवात मात्र मोठ्या दिमाखाची. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीत रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. मुंबईत किंवा पुण्यात तेव्हा छापखाना कुठला! पुढे हे सगळे थंडावले आणि १७५४ साली राजाज्ञेने वसाहतीत छपाईवर बंदीच आली. ज्या भूमीवर भारतातला पहिला छापखाना आला तिथे १८२१ साली ‘गॅझेता द गोवा’ हे पहिले वर्तमानपत्र काढायचे, तर यंत्र मुंबईहून आणावे लागले. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी क्रांती झाली होती, तिची ती लाट. ती ओसरल्यावर १८२६ साली वर्तमानपत्र बंद. गोव्याच्या वृत्तपत्रांची पुढची सव्वाशे वर्षे थोडीफार याच चालीने गेली. लिस्बनला खिडकी उघडली की पणजीला वारा येणार, लिस्बनला दार लागले की इथे श्वास कोंडणार. ना राज्य आपले, ना ऋतू आपले.

मधल्या काळात चांगले दिवसही आले, ते नाकारण्यात अर्थ नाही. १८५९ साली मडगावला ‘ओ उल्त्रामार’ निघाले, गोव्यातले पहिले खासगी वर्तमानपत्र. त्याच्याविरुद्ध ‘आ इंदिया पोर्तुगेझा’ उभे राहिले, आणि या दोघांच्या मागे साष्टीतले प्रतिष्ठित ख्रिस्ती जमीनदार दोन तट करून उभे राहिले. ही भांडणे पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीज वाचणाऱ्या मूठभरांत चालायची. कुळवाडी, मुंडकार, देवळाचा भावीण-वर्ग यांच्यापर्यंत त्यातले अक्षर पोहोचत नसे. १९०० साली ‘ओ हेराल्दो’ सुरू झाले. गोव्यातले पहिले दैनिक. त्याच्या जन्मात हात असलेले लुईश द मिनेझिस ब्रागांझा हे आमच्याकडचे सगळ्यांत धारदार लेखणीचे पत्रकार. चांदरचा हा जमीनदार घराण्यातला माणूस पोर्तुगीज भाषेतच लिहायचा, आणि पोर्तुगीज राज्याला त्याच भाषेत नागडे करायचा.

१९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, आणि गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा कागदावर तरी बरोबरीची जागा मिळाली. मराठी वर्तमानपत्रांना बळ आले ते याच सुमाराला. केप्याहून १९१२ साली गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ काढले. केपे म्हणजे आजही पणजीवाल्यांना लांबचे वाटणारे गाव. तिथे बसून या माणसाने तीन तपांहून अधिक काळ पत्र चालवले, खटले अंगावर घेतले आणि लिहिणे सोडले नाही. संपादक, मालक, अनेकदा आरोपीही, सगळे एकच. मला या माणसाविषयी विशेष आदर आहे, कारण सेन्सॉर टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पत्र बंद करणे, तो त्यांनी पत्करला नाही.

मे १९२६ मध्ये लिस्बनला लष्कराने सत्ता घेतली. मग सालाझार आला. वर्तमानपत्राचा मजकूर छपाईआधी तपासून घेण्याची पद्धत पक्की झाली आणि १९३३ च्या घटनेनंतर ती राज्यपद्धतीचाच भाग बनली. पोर्तुगालमध्ये त्या काळातल्या वर्तमानपत्रांवर ‘सेन्सॉरने पाहिले’ अशा अर्थाची ओळ छापलेली असायची. ती ओळ बघितली की मला वाटते, निदान तेवढा प्रामाणिकपणा होता. वाचकाला सांगून टाकत होते, की बाबा रे, हा अंक शिजवून दिलेला आहे. १९३० च्या जुलैत मिनेझिस ब्रागांझांनी शासकीय मंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला होता. त्यांचे ‘प्रकाश’ हे साप्ताहिक सरकारने १९३७ साली बंद पाडले. पुढच्याच वर्षी ते वारले.

मास्तर सांगत, की सेन्सॉरचा लाल रेघोट्यांचा कागद परत आला की गॅलीतून ओळी काढायच्या, आणि मोकळी जागा राहू द्यायची नाही. मोकळी जागा म्हणजे बोंब. काहीतरी भरायचे. कुठल्या तरी औषधाची जाहिरात, लिस्बनच्या कुठल्या समारंभाची बातमी, नाहीतर नक्षीचा ठोकळा. कोंकणी रोमन लिपीतले ‘वावराड्यांचो इश्ट’ हे साप्ताहिक १९३३ साली निघाले. दोन पाद्रींनी मजुरांसाठी चालवलेले हे पत्र धर्म, शेती आणि घरगुती उपदेश यांच्या आधाराने त्या काळातून पार झाले. आजही ते निघते. गोव्यात सगळ्यांत जास्त राज्ये बघितलेले कोंकणी पत्र कुठले, असे कोणी विचारले तर बहुतेक हेच सांगावे लागेल. त्याच्या मागे ना मोठा भांडवलदार होता, ना मोठा राजकीय पक्ष.

डॉ. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ रोजी मडगावला सभेसाठी उभे राहिले. तेव्हा मागणी लगेच पोर्तुगीजांनी जावे अशी नव्हती. सभा घेण्याचा, बोलण्याचा, छापण्याचा हक्क हवा, एवढी साधी. इतकी साधी की आज ती वाचताना माणूस थबकतो. लोहियांना पकडून बाहेर काढले, पण आतल्यांना भोगावे लागले. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात पाठवले. लक्ष्मीकांत भेंब्रे, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे यांनाही पोर्तुगालची वाट धरावी लागली. भेंब्र्यांचे नाव मनात ठेवा, पुढे त्यांच्या मुलाकडे यायचे आहे.

यानंतर गोव्याची वर्तमानपत्रे गोव्याबाहेर निघू लागली. आमच्या पिढीला हे गमतीचे वाटत नाही, पण बाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. मुंबईत गोवेकरांचा मोठा समाज. धोबीतलावचे कूड, म्हणजे गावागावाची वसतिगृहे, गिरगावच्या चाळी, खानावळी. गोव्यातून बाहेर पडलेला प्रत्येक मताचा माणूस तिथे भेटायचा. पेनिशेहून सुटून पॅरिसमार्गे आलेल्या कुन्हांनी मुंबईत ‘फ्री गोवा’ काढले. बा. द. सातोस्करांनी मराठीत ‘दूधसागर’ चालवले. टेलो मास्कारेन्हस, लॅम्बर्ट मास्कारेन्हस, बर्टा मिनेझिस ब्रागांझा हे सगळे मुंबईत बसून गोव्यासाठी लिहीत होते. वाचायचे होते ते गोव्यातल्यांनी, आणि त्यांच्याच हातात ते उघडपणे जाऊ शकत नव्हते. घाटातून, बोटीतून, कुणाच्या तरी पिशवीच्या तळाशी हे कागद यायचे. पकडला तर तुरुंग. आपल्याच प्रदेशाची बातमी आपल्याच माणसाला चोरट्या मालासारखी द्यावी लागते, अशी ती अवस्था.

मग कागदाचीही गरज नसलेले माध्यम आले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी एक गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही त्यामागची मुख्य माणसे. आधी सावंतवाडीकडच्या आंबोलीच्या जंगलात, मग कॅसलरॉकच्या बाजूला. सांगतात की दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा हाती लागलेले बिनतारी यंत्र त्यासाठी वापरले. कोंकणी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषांत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ रोज ऐकू यायचा. पणजीचे ‘एमिसोरा द गोवा’ जे सांगेल त्याला जंगलातून उत्तर मिळायचे. एमिसोरा तसे नावाजलेले केंद्र होते, पाश्चात्त्य संगीतासाठी ते लांबलांबून लोक लावायचे. संगीत त्यांच्याकडे, बातमी यांच्याकडे. जवळजवळ सहा वर्षे दोन माणसांनी पावसात, जळवांच्या रानात राहून ही बातमी चालू ठेवली. गोव्याच्या पत्रकारितेच्या इतिहासात मी या रानाला कुठल्याही दैनिकाच्या कचेरीच्या वर ठेवीन. वर्तमानपत्रवाल्यांना ते आवडत नाही, ते सोडा.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र फोडले. एमिसोरा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी रात्री गव्हर्नर जनरल व्हासाल्लो इ सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. ती सही होईतोवर पणजीचे रस्ते भरलेले होते. सरदेसाई आणि लिबिया यांना लष्कराने विमानात बसवले, विमानाला ध्वनिवर्धक लावले, आणि त्यांनी गोव्याच्या वरून उडत उडत कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये सांगितले की गोवा मुक्त झाला. खाली पत्रके पडत होती. दोनेक तास ते असे फिरत होते. साडेचारशे वर्षांच्या राज्याचा शेवट जाहीर करायला वर्तमानपत्र नव्हते, हे मला लक्षणीय वाटते. छापील वर्तमानपत्र त्या क्षणाला विश्वासार्ह उरलेलेच नव्हते.

सेन्सॉर एका रात्रीत गेला. हे खरे, आणि त्याबद्दल भारतीय लष्कराचे आणि त्याआधी रक्त सांडलेल्या सत्याग्रह्यांचे ऋण मोठे आहे. पण वर्तमानपत्र एका रात्रीत मोकळे होत नाही. मास्तर सांगत, १९६२ च्या जानेवारीत मजकूर येई तेव्हाही सवयीने बिचारी माणसे प्रूफ बाजूला काढून ठेवत, तपासायला पाठवायचे म्हणून. पाठवायचे कुणाकडे? जागा रिकामी होती. काही दिवस तर मालक आणि संपादक दोघे गोंधळलेले, की लष्करी गव्हर्नर कँडेथ यांच्या राज्यात काय लिहावे आणि काय नाही. मी तेव्हा शाळेत होतो, म्हणून हे ऐकीव. पण लेखणीला चाकोरी पडलेली असते आणि ती पुसायला वेळ लागतो, हे नंतर मी स्वतः पुरते अनुभवले, म्हणून मास्तरांवर विश्वास बसतो.

२४ मार्च १९६२ रोजी पणजीहून ‘गोमन्तक’ निघाला. खाणमालक चौगुले यांचे दैनिक, आणि संपादक तेच सातोस्कर, जे मुंबईत ‘दूधसागर’ चालवत होते. ही गोष्ट किती नाट्यमय होती ते आज लक्षात येत नाही. बंदी असलेल्या पाक्षिकाचा संपादक परत येतो आणि मोठ्या दैनिकाच्या खुर्चीत बसतो. देवनागरी खिळे, जुळारी, बातमीदार सगळे बाहेरून जमवायचे. सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडची माणसे आली. आमच्या खात्यात ती बरीच होती, आणि जेवणाच्या डब्यावरून त्यांच्यात रोज एक भांडण व्हायचे. पुढच्याच वर्षी डेंपो समूहाने ‘नवहिंद टाइम्स’ हे इंग्रजी दैनिक काढले. लक्षात घ्या, दोन्हीकडे मालक लोहखनिजावर मोठे झालेले. १९५० च्या आसपास जपानला कच्चे लोखंड जाऊ लागले आणि गोव्यात पैसा आला. त्या पैशातून वर्तमानपत्रे आली. पोर्तुगीज सेन्सॉर जाऊन त्याच्या जागी खाणमालक बसला, असे काही जण म्हणायचे. मला हे अर्धेच पटते. मालकाला खाणीविषयी वाकडे वाचायला आवडत नसे, ते सगळ्यांना माहीत होते. खाणीतली धूळ शेतात जाते, हा विषय कुठल्याही मोठ्या दैनिकात सहज येत नसे. पण मालक एक होता तर शेजारी दुसरा मालक होता, आणि दोघांचे पटत नव्हते. सेन्सॉर मात्र एकच असतो.

डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता घेतली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा हा वाद घराघरात शिरला. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूला. त्याला उत्तर म्हणून मडगावहून ‘राष्ट्रमत’ निघाले. वेगळेपणाची बाजू मांडणारे, चंद्रकांत केणी यांचे दैनिक. पुढचा भाग मला अजूनही आवडतो. विलीनीकरणाचे कट्टर विरोधक, ज्यांचे म्हणणे असे की आमची भाषा कोंकणी आहे, त्यांनी आपले दैनिक काढले ते मराठीत. कारण ज्या माणसाचे मत बदलायचे होते तो माणूस मराठी वाचत होता. हिंदू बहुजन समाज शाळेत मराठी शिकला होता, पोथी मराठीत वाचत होता. केण्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना हे पक्के ठाऊक होते. वाचक आपल्या भाषेत येत नसेल तर आपण त्याच्या भाषेत जावे, हे पत्रकाराचे शहाणपण त्यांनी दाखवले. विलीनीकरणवाद्यांनी यावर खूप टोमणे मारले, पण टोमण्यांनी अंक विकायचा थांबत नाही.

उदय भेंब्रे, म्हणजे त्याच लक्ष्मीकांत भेंब्र्यांचा मुलगा, ‘राष्ट्रमत’मध्ये ‘ब्रह्मास्त्र’ नावाचे सदर लिहायचे. बापाला पोर्तुगीजांनी पेनिशेला पाठवले, कारण बापाला बोलायचा हक्क हवा होता. मुलाला तो हक्क मिळाला आणि तो त्याने पोटभर वापरला. सकाळी पणजीच्या बाजारात एकाच चहाच्या टेबलावर दोन्ही दैनिके पसरलेली असायची. ‘गोमन्तक’चा वाचक म्हणे, कालच्या ब्रह्मास्त्राला आज काय उत्तर देतात बघू. ‘राष्ट्रमत’चा वाचक म्हणे, आजच्या अग्रलेखात दम नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, दोन्ही वाचायचो आणि घरात वडिलांच्या शिव्या खायचो. वडील विलीनीकरणवादी. मामा विरोधक. दिवाळीला एका घरात बसायचे आणि एकमेकांचे वर्तमानपत्र हातात धरायचे नाही.

आता ही पत्रकारिता स्वच्छ होती का? नाही. दोन्हीकडे एकाच सभेच्या गर्दीचे आकडे वेगवेगळे यायचे. एका दैनिकात सभा विराट, दुसऱ्यात फिकी. बातमी आणि अग्रलेख यांच्यामधली भिंत पातळ होती, पुष्कळदा नव्हतीच. तरी मला हे आठवायचे तेव्हा मी माझ्या नंतरच्या सहकाऱ्यांना सांगायचो, की त्या भांडणाने गोव्याला शिकवले. १९६१ च्या आधी गोव्यातला माणूस वर्तमानपत्र वाचायचा तेव्हा त्याला दिसायचे की सरकारला काय हवे आहे. १९६३ नंतर पहिल्यांदा त्याला दिसले की त्याच्या शेजाऱ्याला काय हवे आहे. ते शिकायला त्याला दोन दैनिके लागली, एकाने भागले नसते. दोन्ही पक्षपाती असूनही, किंवा पक्षपाती असल्यामुळेच.

३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, मतदान मोकळेपणाने व्हावे म्हणून. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने कौल दिला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळेपणाचे दोन पाने. उल्हास बुयांव गावोगाव वेगळेपणाची गाणी म्हणत फिरत होते, वेगळेपणाचे पुढारी जॅक सिक्वेरा यांच्या सभांना माणसे चालत जात होती. वेगळेपणाला १ लाख ७२ हजार १९१ मते, विलीनीकरणाला १ लाख ३८ हजार १७०. फरक ३४ हजार २१. शेजारच्या राज्यात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, यावर स्वतंत्र भारतात अशी जनमत चाचणी दुसऱ्या कुठे झालेली नाही. आणि ही चाचणी घडवण्यात, तिचा प्रचार करण्यात वर्तमानपत्रांचा जेवढा वाटा होता तेवढा तिथल्या कुठल्याही कायद्याचा नव्हता. वडिलांनी निकालाच्या दिवशी जेवायला बसताना एवढेच म्हटले, की आता मामाला बोलवा.

पण या सगळ्यात एका वाचकाचे काय झाले, हे आम्ही मराठीवाल्यांनी क्वचितच विचारले. पोर्तुगीज वाचणारा वाचक. त्याच्या वर्तमानपत्रावर भारत सरकारने बंदी घातली नाही. ‘ओ हेराल्दो’ पोर्तुगीजमधून निघतच राहिले. डायोसिसचे ‘आ व्हिदा’ही काही वर्षे निघत होते. कायद्याच्या दृष्टीने कुणाचाच हात नव्हता. पण शाळेतून पोर्तुगीज गेले, कचेरीतून गेले, नोकरीला इंग्रजी हवी झाली, आणि दर वर्षी वाचक मरत गेले, नवे तयार होत नव्हते. वर्गणीदारांची यादी आणि मृत्युलेखांचा स्तंभ एकाच गतीने चालले. स्वातंत्र्य मिळाले त्यात कुणाचे वर्तमानपत्र गुपचूप मेले, हे लिहायला आमच्याकडे शब्द नाहीत, कारण त्यात खलनायक सापडत नाही. मला सेन्सॉरबद्दल राग आहे, पण हे बघून वाईट वाटते, आणि ते वाईट वाटणे मी लपवत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा वाटले, की आता गोव्यात कुणाला मजकूर दाखवायचा प्रश्न येणार नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. दुसऱ्या दिवशी मजकूर तपासून घ्यायचा हुकूम आला. गोव्यात शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या, आणि आम्ही कुणाच्या वाटेला न जाणारे साधे दैनिकवाले. मजकूर सरकारी अधिकाऱ्याकडे जाऊ लागला. तो अधिकारी बरा माणूस होता, पण बरा माणूस आणि लाल पेन्सिल यांचा काही संबंध नसतो. मास्तर तेव्हा निवृत्तीला आलेले. पहिल्या रात्री गॅली परत आली, दोन परिच्छेद काढायचे होते. त्यांनी न विचारता मोकळी जागा नक्षीच्या ठोकळ्याने भरली, जशी चौदा वर्षांपूर्वी भरत होते. मी म्हणालो, मास्तर, मोकळी ठेवूया. दिल्लीच्या ‘इंडियन एक्सप्रेस’ने त्याच आठवड्यात अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, ते आम्हाला नंतर कळले. मास्तर म्हणाले, “अरे बाबा, कोरी जागा ठेवायला वरून सांगावे लागते.” वरून काही आले नाही. नक्षी छापली गेली.

ज्यांनी ६१ पूर्वीचे दिवस भोगले होते त्यांना ७५ साल फार लवकर ओळखू आले, असे मला वाटत राहिले. बाहेरच्या पत्रकारांना आणीबाणीने धक्का बसला. आमच्या खात्यातले वृद्ध जुळारी काहीही न बोलता कामाला लागले. ते भेकड होते म्हणून नव्हे. त्यांना कसे करायचे ते आठवत होते. ते आठवणे हेच फार भयानक होते. १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणी उठली आणि पुन्हा एकदा कुणी येऊन सांगितले नाही, की आता प्रूफ पाठवू नका. मी एक दिवस पाठवले नाही, काही झाले नाही, तेव्हापासून बंद.

पुढे दैनिके वाढली. डेंपोंचे मराठी ‘नवप्रभा’ १९७० पासून निघत होते. कोंकणी देवनागरीत ‘सुनापरान्त’ १९८७ साली निघाले, आणि त्याचे संपादक उदय भेंब्रे. दोन दशकांपूर्वी मराठीत भांडून कोंकणीचे दार उघडणारा माणूस आता कोंकणीतच दैनिक चालवू लागला. त्याच वर्षी गोवा राज्य झाला. ‘ओ हेराल्दो’चे पोर्तुगीज मात्र त्याच्याही आधी संपले. १० ऑक्टोबर १९८३ रोजी त्या पत्राने भाषा बदलली आणि राजन नारायण यांच्या संपादकत्वाखाली ते इंग्रजीत आले. सुरुवातीच्या महिन्यांत आम्ही प्रूफवाले कुतूहलाने ते विकत आणायचो, नवे इंग्रजी दैनिक सरकारला किती झोंबते हे बघायला. ते झोंबायचे. पाठोपाठ आमच्या मराठी दैनिकांनाही आवाज चढवावा लागला, कारण शेजारी ओरडत असताना आपण कुजबुजणे वाचकाला खपत नाही. जुळाऱ्यांच्या हातचे काम तोवर संगणकावर जाऊ लागले होते. मास्तर मध्यंतरी वारले. त्यांच्या घरी एक स्टिक आणि मूठभर पोर्तुगीज खिळे होते, ते मुलाने भंगारवाल्याला दिले. मराठी खिळे मात्र त्याने ठेवले, घरातल्या छोट्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायला. त्या पत्रिका तो कुणालाही न दाखवता छापतो.